सिलिंगखाली ब्रशची पट्टी उठून दिसते, हॉल रंगवण्याआधी सल्ला हवा

नाशिककर_निनाद:
सिडकोतला जुना फ्लॅट आहे, यंदा घरीच रंग काढायला घेतलाय. बेडरूम झाली. रंग फिकट करडा, प्लास्टिक इमल्शन, थोडी चमक असलेलं. दिवसा भिंत झकास दिसते. संध्याकाळी ट्यूब लावली की सिलिंगच्या खाली आणि कोपऱ्यांत तीन बोटं रुंदीची पट्टी वेगळी दिसते, भिंतीला कुणी फोटोची फ्रेम घातल्यासारखी. डबा तोच, दोन हात मारलेत. आधी चारही भिंतींच्या कडा ब्रशने करून घेतल्या, मग जेवून रोलर फिरवला. आता हॉल घ्यायचाय आणि त्यातली एक भिंत बाटली हिरवी करायचं घरच्यांनी ठरवलंय. ही पट्टी टाळायची कशी?

पिंपरीचा_पप्पू:
मास्किंग टेप लाव, सोपं काम.

रंगकाम_कोल्हापूर:
टेपनं रेघ सरळ येते, पट्टी जात नाही. ती दोन वेगळी दुखणी आहेत.

निनादराव, तुमचं उत्तर त्या जेवणात आहे. रोलर भिंतीवर बारीक दाणा सोडतो आणि ब्रश रेघा सोडतो. कडेचा रंग ओला असताना रोलर त्यावर चढला तर रेघा मोडतात, दाणा एकसारखा होतो. सुकल्यावर चढला तर रेघा तशाच खाली राहतात, वर जिथं दोन्ही एकमेकांवर आले तिथं थर जाड होतो. दिवसा खिडकीचा उजेड समोरून पडत असेल म्हणून लपतं. तुमची ट्यूब भिंतीलाच लावलेली असणार, तिचा उजेड तिरपा येतो आणि सगळं उघडं पाडतो.

म्हणून कटिंग, म्हणजे ब्रशनं कडा रंगवणं, एका वेळी एकाच भिंतीचं करायचं. तेसुद्धा हातभर-दोन हात लांबीचं झालं की लगेच रोलर. आमच्याकडं माणसं दोनच असली तरी एक घोड्यावर (उभ्या शिडीवर) ब्रश घेऊन पुढं, दुसरा रोलर घेऊन त्याच्या मागं. घरात कुणी मदतीला असेल तर तसंच करा. पंखा बंद. लोक घाम येतो म्हणून पंखा लावतात आणि मग रंग हातात सुकतोय म्हणून ओरडतात.

रोलर सिलिंगला जितका जवळ नेता येईल तितका न्या, शेवटचा पट्टा आडवा फिरवा. ब्रशची पट्टी बोटभर उरली की कुणाला दिसत नाही. कोपऱ्यांसाठी ४ इंची छोटा रोलर मिळतो, त्याचे केस मोठ्या रोलरइतकेच लांब बघून घ्या, नाहीतर दाणा परत वेगळा.

ब्रश २ इंची, सिंथेटिक केसांचा. डुकराच्या केसांचा ब्रश ऑइल पेंटला चांगला, तुमच्या इमल्शनसारख्या पाण्याच्या रंगात तो पाणी पितो आणि फुगून लोळतो. नवा ब्रश आधी तळहातावर चोळून सुटे केस काढून टाका. रंगात तिसरा हिस्सा बुडवायचा, डब्याच्या आत दोन बाजूंना हलकेच आपटायचा, कडेला पुसायचा नाही. कोरड्या ब्रशनं रंग ताणला की रेघा येणारच. लावून झाला की शेवटचा हात एकाच दिशेनं, वजन न देता, आणि मग सोडून द्या. अर्धवट सुकलेल्या रंगावर ‘जरा नीट करतो’ म्हणून परत ब्रश फिरवणारे मी रोज बघतो.

ठाण्याची_इंटिरिअरवाली:
दादा म्हणतात ते बरोबर, पण मी तर चमकच नको म्हणेन. मॅट घेतलं तर निम्मी पट्टी अशीच लपते. त्यात हल्ली फॉल्स सिलिंगमधून भिंतीला घासून खाली येणारे लाइट लावतात, तिथे चमकदार रंग म्हणजे पुट्टीपासूनचे सगळे दोष दाखवायला ठेवल्यासारखं.

रंगकाम_कोल्हापूर:
ताई, गिऱ्हाईक मॅट घेतं आणि सहा महिन्यांनी स्विचबोर्डभोवती काळे हात उमटले की मलाच फोन करतं. घरात लहान मूल असेल तर थोडी चमक असू द्या आणि कटिंग नीट करा. बाकी गडद रंगाला मॅट, हे मला मान्य.

नाशिककर_निनाद:
मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे हॉल चमकवालाच. हिरवी भिंत मात्र मॅट घेतो. आणखी दोन शंका. ब्रशसाठी मी रंग जरा घट्ट ठेवला होता, ओघळ येऊ नयेत म्हणून. चालतं ना? आणि बेडरूमचं आता काय करू?

रंगकाम_कोल्हापूर:
नाही चालत. काही डब्यांवर ब्रशसाठी आणि रोलरसाठी किती पाणी घालायचं ते वेगवेगळं लिहिलेलं असतं, पण कडेला आणि मध्ये एकाच बादलीतला कालवलेला रंग वापरा. ओघळ घट्टपणानं थांबत नाहीत, ब्रशवर कमी रंग घेतल्यानं थांबतात. हिरव्याचे दोन डबे लागले तर दोन्ही आधी मोठ्या बादलीत एकत्र करा. मशीनवर कालवलेल्या दोन डब्यांत पुसटसा फरक पडू शकतो, आणि भिंतीच्या मधोमध डबा बदलला तर तो दिसतो. हिरव्याखाली पांढरा प्रायमर नको, दुकानात करडा करून मागा, नाहीतर कडेला तिसरा हात मारावा लागेल.

बेडरूमला घाई करू नका, रंग चांगला कडक होऊ द्या. मग टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरा, रेघा कुठं आहेत त्या पेन्सिलनं हलक्या खुणा करून घ्या. ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हात सपाट ठेवून घासा, ओल्या फडक्यानं धूळ पुसा, वाळू द्या. नुसत्या पट्टीवर रंग लावू नका, त्याचा आणखी एक पट्टा होईल. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला एक हात.

पिंपरीचा_पप्पू:
म्हणजे टेप लावायचीच नाही?

रंगकाम_कोल्हापूर:
हिरवी भिंत आणि पांढरी भिंत जिथं मिळते तिथं लावा. पांढरी पूर्ण वाळल्यावर, आणि हिरव्याचा शेवटचा हात ओला असतानाच तिरपी ओढून काढा.