अंदमानात संसार थाटल्यावर : राहून आलेल्यांचे अनुभव

सेल्युलर जेल, रॉस आणि हॅवलॉक ही बेटे पाहून आठवड्याभरात परतणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. बदलीमुळे किंवा संशोधनासाठी अंदमानात दीर्घकाळ राहिलेल्यांचे लेखन मात्र क्वचितच वाचायला मिळते. अशा मंडळींनी पाणी, बाजार, प्रवास, आजारपण अशा रोजच्या गोष्टींबद्दल लिहावे, अशी विनंती केली होती. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले असले, तरी लिहिणाऱ्यांच्या सवयीचे जुने नाव तसेच ठेवले आहे.

नौदल अधिकाऱ्याची पत्नी, पोर्ट ब्लेअर

पहिला बदल झोपेच्या वेळेत करावा लागला. बेटे देशाच्या पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे मे महिन्यात पाचच्या आधीच लख्ख उजाडते आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलांचे मैदानावरचे खेळणे, बाजारहाट, फिरणे हे सारे त्याआधी उरकावे लागे.

खरी परीक्षा पाण्याची असते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात पाण्याची टंचाई कशी, हे इथल्या नातेवाइकांना समजावणे कठीण जाते. मोठ्या नद्या नाहीत, डोंगरउतारावरून पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळते आणि शहराची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर आहे. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत नळाला एक दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येत असे. पिंप भरणे, तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालणे, पहिला पाऊस आला की पन्हळीखाली बादल्या मांडणे हे शेजारच्या बंगाली काकूंनी मला शिकवले. त्यांच्याइतके पाणी जपणारे माणूस मी अन्यत्र पाहिलेले नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट होते की चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांवर बुरशी धरते. म्हणून कपाटात दिवा लावून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती खरोखर उपयोगी पडते.

केंद्र सरकारी कर्मचारी, पोर्ट ब्लेअर

आमच्या स्वयंपाकघराचा कारभार जहाजावर चालत असे. कांदे, बटाटे, डाळी, गव्हाचे पीठ बहुतेक चेन्नई किंवा कोलकात्याहून येते. जहाजाला साधारण तीन दिवस लागतात आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठले की माल अडकून भाव चढतात. नील बेटावरून येणारी भाजी, स्थानिक केळी, नारळ आणि शहरातल्या जंगलीघाट बंदरावरची ताजी मासळी यांच्याभोवती जेवण बेतायला शिकलो, तेव्हा खर्च आटोक्यात आला. ज्वारीचे पीठ आणि गोडा मसाला मात्र येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या सामानातून मागवत असू. परसात भाजी लावणाऱ्यांनी आफ्रिकन गोगलगायींची तयारी ठेवावी. पावसाळी रात्री त्या अख्खे वाफे फस्त करतात आणि सकाळी हाताने वेचण्यावाचून दुसरा चांगला उपाय आम्हाला सापडला नाही.

सागरी जीवशास्त्राची संशोधक, वंडूर आणि हॅवलॉक

माझे बरेचसे काम १० ऑगस्ट २०२० पूर्वीचे, म्हणजे चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल सुरू होण्याआधीचे आहे. त्या वेळी इंटरनेट उपग्रहावर अवलंबून होते. छायाचित्रांची एक फाइल पाठवायला रात्र जाई. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून महत्त्वाच्या भेटीआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. किनाऱ्यावर मगरीचा इशारा लावला असेल, तर पाण्यात उतरूच नये. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत.

शिक्षक, मायाबंदर (मध्य अंदमान)

माझ्या वर्गात बंगाली, तमिळ, रांचीकडची आणि १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेल्या करेन समाजाच्या कुटुंबांमधली मुले एकत्र बसत आणि आपसांत सहज हिंदी बोलत. इतका मोकळा वर्ग मला पुन्हा मिळाला नाही.

अडचण अंतराची होती. पोर्ट ब्लेअरचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे ठरलेल्या वेळेच्या कॉन्व्हॉयमधूनच, म्हणजे पहाऱ्यातल्या ताफ्यातूनच, गाड्या सोडतात, वाटेत थांबण्यास व छायाचित्रे काढण्यास बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीवर गाडी बार्जवरून (सपाट तळाच्या बोटीवरून) पलीकडे न्यावी लागते. संध्याकाळी घरून वडिलांच्या आजारपणाचा फोन आला, तर त्याच रात्री निघणे शक्य नसे. सकाळचा कॉन्व्हॉय आणि मग विमानाचे मिळेल ते तिकीट, असा तो प्रवास होता. ज्यांचे आईवडील थकलेले आहेत, त्यांनी बदली स्वीकारण्याआधी भावंडांशी स्पष्ट बोलून घ्यावे, अचानक निघावे लागल्यास तिकिटापुरते पैसे बाजूला ठेवावेत आणि गावाकडच्या डॉक्टरांचा क्रमांक स्वतःजवळही ठेवावा.