मदत हवी आहे: शाळेच्या संघासाठी वर्तनाचे नियम कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत खेळ, नाटक, वादविवाद अशा सगळ्या उपक्रमांतल्या मुलांसाठी एकच आचारसंहिता लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पंचांशी हुज्जत, शिवीगाळ, सरावाला दांडी एवढं लिहून झालं. अडलंय ते शिक्षेपाशी.

मागच्या महिन्यात आमच्या एका खेळाडूने हरल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात समोरच्या संघातल्या मुलाची टिंगल केली. मैदानाबाहेरची, शाळा सुटल्यानंतरची गोष्ट. त्याला थेट वर्षभरासाठी संघातून काढलं, तेही त्याचं म्हणणं न ऐकता. मला ते अजूनही टोचतंय. चूक होतीच, पण ज्या मुलाला खेळामुळे शाळेची ओढ आहे त्याच्याकडून खेळच काढून घेतला तर तो सुधारणार कसा?

फुटबॉलमध्ये 1970 च्या विश्वचषकापासून पिवळं आणि लाल कार्ड आहे. आधी ताकीद, मग बाहेर. गंभीर चूक असेल तर थेट लाल. तशी पायरी इथे ठेवता येईल का? म्हणजे निलंबन सामन्यांपुरतं, सरावाला मात्र यायचंच.

ज्यांनी असे नियम राबवलेत त्यांनी कृपया सांगा: मोबाइलवरचं वागणं नियमात कुठपर्यंत घ्यावं? निर्णय एकट्या प्रशिक्षकाने घ्यावा की समितीने? पालकांना दाद कुठे मागता यावी? आणि हो, मैदानाच्या कडेला ओरडणाऱ्या पालकांसाठीही काही लिहिलंय का कुणी? तुमच्याकडे मसुदा असेल तर नक्की पाठवा.