डग्लसने टायसनला पाडलं तो निव्वळ मटका होता का? हेवीवेटमध्ये ‘बळीच्या बकऱ्या’ची संधी ओळखायची कशी?

रात्रपाळी_ठाणे:
नमस्कार मंडळी. मी मूळचा क्रिकेटवाला, बॉक्सिंगचा नाद अलीकडचा. ड्युटीवर काम नसलं की जुन्या हेवीवेट फाइट बघत बसतो. परवा तेव्हाचा जगज्जेता माइक टायसन विरुद्ध बस्टर डग्लस पाहिली, टोकियो डोम, ११ फेब्रुवारी १९९०. डग्लसचा भाव म्हणे ४२ ला १ होता. सोबतचा सहकारी म्हणतो, हेवीवेटमध्ये एक ठोसा बसला की खेळ खल्लास, त्यात अभ्यास कसला करायचा? पण मला तर पहिल्या राऊंडपासूनच डग्लस भारी वाटत होता. मग हे आधी कुणालाच कसं दिसलं नाही? टायटल फाइट जाहीर झाली की समोरच्याला खरंच संधी आहे की त्याला नुसता उभा केलाय, हे तुम्ही कशावरून ठरवता?

निळा_कोपरा:
तुमच्या सहकाऱ्याला एका ठोशाचीच फाइट बघायची असेल तर चॅम्पियन लेनॉक्स लुईस विरुद्ध हसीम रहमान बघायला सांगा, २००१ सालची. डग्लसने टोकियोत नऊ राऊंड घाम गाळलाय, त्याला मटका म्हणू नका.

मी तरुणपणी जिल्हा पातळीवर खेळलोय, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. ही फाइट मी पोरांना आवाज बंद करून दाखवतो आणि सांगतो, ठोसे बघू नका, फक्त टायसनचं डोकं बघा. केविन रूनी कोच असताना ते डोकं एका जागी कधी थांबायचं नाही. डावीकडे, उजवीकडे, खाली आणि मग ठोसा. टोकियोत ते सरळ रेषेत येतं आणि डग्लसच्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, आपणहून आदळतं. डग्लसची उंची जवळजवळ सहा फूट चार, टायसनची पाच फूट दहा. हाताचा पल्ला ८३ इंच विरुद्ध ७१. अर्थात उंच माणसं टायसनने आधीही झोपवली होती. ती माणसं जॅब टाकून मागे पळायची. डग्लस जॅबच्या पाठोपाठ उजवा टाकत होता आणि टायसन आत घुसला की मिठी मारून काम थांबवत होता. रेफ्रीने सोडवलं की पुन्हा जॅब.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आधी दिसलं का नाही. दिसण्यासारखं बरंच होतं. रूनीला १९८८ मध्येच काढलं होतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये फ्रँक ब्रुनोने पहिल्याच राऊंडमध्ये टायसनला हलवलं होतं, पण पुढे पाचव्यात टायसन जिंकला आणि लोक ते विसरले. टोकियोत सराव करताना ग्रेग पेजने त्याला खाली बसवलं, तीही बातमी फुटली होती. कॉर्नरचा, म्हणजे राऊंडच्या मधे बॉक्सरला सांभाळणाऱ्या माणसांचा, तर आनंदच होता. डोळा सुजला तर दाबायला थंडगार धातूचा तुकडा ठेवतात, तो या लोकांकडे नव्हताच. मग रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते जगज्जेत्याच्या डाव्या डोळ्यावर धरत बसले! आमच्या तालुक्याच्या स्पर्धेतसुद्धा याहून बरी तयारी असते.

म्हणून मी आधी चॅम्पियनकडे बघतो, चॅलेंजरकडे नंतर. आणि त्यातही एकच गोष्ट शोधतो: याचं लक्ष या फाइटवर आहे की पुढच्या? टायसनची होलीफिल्डबरोबरची मोठी फाइट जवळपास ठरलेली होती, टोकियो म्हणजे मधला थांबा. लुईसला टायसनबरोबरच्या फाइटचे वेध लागले होते. त्यात तो लास व्हेगासमध्ये एका हॉलिवूडपटात काम करून जोहान्सबर्गजवळच्या ब्रॅकपनला उशिरा पोचला. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरहून उंच, तिथली हवा विरळ. रहमान बराच आधी जाऊन सरावला होता. पाचव्या राऊंडला एक उजवा बसला आणि लुईस आडवा.

भावाबद्दल: ४२ ला १ म्हणजे डग्लसला सव्वादोन-अडीच टक्के संधी. पण हा आकडा कुणा पंडिताने काढलेला नाही. बहुतेक कसिनोंनी त्या फाइटवर भावच काढला नव्हता, लास व्हेगासच्या मिराज कसिनोने काढला. लोक टायसनवरच पैसे लावत गेले तसा तो २७ वरून ४२ पर्यंत चढला. भावावरून लोक कुणावर भाळलेत ते कळतं. त्यापलीकडे काही नाही.

वजाबाकी:
निळा_कोपरा साहेब, सगळं पटलं, पण निकाल लागल्यावर खुणा शोधणं सोपं असतं. जून १९८८ घ्या. टायसनचं लग्न मोडकळीला आलेलं, मॅनेजरशी भांडण, पेपरात रोज काहीतरी. समोर मायकेल स्पिंक्स, तोवर एकही फाइट न हरलेला आणि लॅरी होम्सला हरवलेला. तुमच्या हिशोबाने स्पिंक्सला भरपूर संधी होती. ९१ सेकंदांत संपला. जो लुईसने २५ वेळा टायटल राखलं, तेव्हाही दर वेळी कुणी ना कुणी म्हणालाच असेल की यंदा गडी ढिला वाटतोय. फेवरिट बहुतेक वेळा जिंकतो, हे नवशिक्या माणसाला आधी सांगायला हवं.

निळा_कोपरा:
वजाबाकी, स्पिंक्सचं उदाहरण चांगलं काढलंत. पण तेव्हा कॉर्नरला रूनी होता. घरात आग लागली असली तरी जिममध्ये शिस्त होती. शिवाय स्पिंक्स खालच्या वजनगटातून वर आलेला आणि त्या रात्री रिंगमध्ये येतानाच त्याचा चेहरा उतरलेला. चॅलेंजरकडे नंतर बघतो म्हणालो ते इथे. चॅम्पियन ढिला असून भागत नाही, समोरच्याला त्याचा फायदा उठवता आला पाहिजे.

डग्लसच्या बाबतीत खरी शंका हीच होती. १९८७ ला टोनी टकरविरुद्ध चांगला खेळत असताना दहाव्या राऊंडमध्ये ढेपाळला होता, तेव्हापासून ‘मनाने कच्चा’ हा शिक्का. टोकियोच्या तीन-साडेतीन आठवडे आधी त्याची आई गेली. लोकांनी धरलं की हा आता उभाही राहणार नाही. आठव्या राऊंडच्या शेवटी टायसनचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) बसून डग्लस खाली पडला, तेव्हा त्याने काय केलं बघा: डाव्या मुठीने जमिनीवर ठोसा मारला, स्वतःवरच चिडून. घाबरलेला माणूस असं करत नाही. रेफ्रीने नऊ मोजल्यावर उठला. दहाव्यात उजवा अपरकट, त्यामागून चार ठोसे, आणि टायसन चटईवर दातांवरचा माउथपीस चाचपडतोय.

आणखी एक, हे सहसा कुणी सांगत नाही. नऊ राऊंडनंतर एका जजच्या गुणांच्या कार्डावर टायसन ८७-८६ ने पुढे होता, दुसऱ्याकडे ८६-८६ बरोबरी. एकट्यानेच डग्लसला ८८-८२ दिले होते. तेव्हा दुबळा समजला जाणारा माणूस गुणांवर जिंकेल असं म्हणताना दहा वेळा विचार करा.

जर्सीकर:
मी २०१९ ची अँडी रुईझ विरुद्ध चॅम्पियन अँथनी जोशुआ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला वरच्या मजल्यावर बसून पाहिली. खाली इंग्लंडहून आलेले लोक गाणी म्हणत होते. रुईझने टी-शर्ट काढला आणि आमच्या रांगेत हशा पिकला. २६८ पौंड, पोट लोंबतंय. जोशुआचा मूळ प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत अडकला म्हणून ऐनवेळी आणलेला गडी. पण दोन गोष्टी पोटामुळे दिसत नव्हत्या. तो एप्रिलच्या २० तारखेलाच दिमित्रेंकोशी लढला होता, म्हणजे आळशी बसलेला नव्हता. आणि हात! वरून बघतानाही त्याचे ठोसे जोशुआच्या आधी पोचताना दिसत होते. तिसऱ्या राऊंडला आधी रुईझच पडला. जोशुआ संपवायला धावला आणि ठोशांच्या अदलाबदलीत कानशिलावर डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) खाल्ला. तिथून त्याचे पाय परत आलेच नाहीत. सातव्यात थांबवली.

माझं मत: बदली आलेल्या बॉक्सरला कमी लेखू नका. जोशुआची तयारी भल्यामोठ्या मिलरसाठी होती, समोर आला झटपट हातांचा बुटका.

वजाबाकी:
आणि डिसेंबरच्या रिमॅचला हेच रुईझ महाशय २८३ पौंड भरले. बारा राऊंड जोशुआच्या मागे फिरत राहिले.

रात्रपाळी_ठाणे:
वा, भरपूर खाद्य मिळालं. शेवटचं विचारतो: डग्लस त्याच वर्षी होलीफिल्डसमोर चॅम्पियन म्हणून उतरला, ती अजून पाहिलेली नाही. निकाल सांगू नका. फक्त आधी काय बघू?

निळा_कोपरा:
वजन बघा. टोकियोत २३१ पौंडांच्या आसपास होता, ऑक्टोबरला २४६. ट्रंक्सच्या (बॉक्सिंगच्या चड्डीच्या) वर कमरेला काय दिसतं ते बघा, मग जॅब मोजा. आणि चहा आधीच करून बसा, मध्ये उठायला वेळ मिळणार नाही.