एक्झॉस्ट ब्रेक: कायम चालू, की फक्त ओझं असताना?

घाटवाट
डिझेल पिकअप घेऊन सहा महिने झाले. गाडी सुरू केली की आधी एक्झॉस्ट ब्रेकचं (धुराची वाट आवळून इंजिनाकडूनच गाडी मंदावणारा ब्रेक) बटण दाबतो, मग पट्टा लावतो. मागे ट्रेलर असो की हौदा रिकामा असो, घाट असो की सिग्नलची रांग. बरोबर येणारा मित्र वैतागतो. म्हणतो, "ऊन पडलंय आणि तू छत्री उघडून बसलायस."
माझं म्हणणं साधं आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की इंजिनच गाडी आवरतं, मग पॅड कशाला झिजवू? मी चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट. "आमच्यात असं करत नाहीत" हे कारण धरणार नाही.

माजी क्लीनर
बरोबर करताय. मोठ्या ट्रकवर उमेदवारी केली तेव्हा उस्तादाचा पहिला धडा हाच होता: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, आणि पायातला ब्रेक अडचणीसाठी राखून ठेव. उतारावर पेडल दाबून बसणारा माणूस खाली पोचेपर्यंत लायनरचा वास सोडतो. बटण आहे तर वापरा.

अर्धवट मिस्त्री
असहमत. त्याआधी हा ब्रेक करतो काय ते बघू, कारण बऱ्याच जणांना हा जेक ब्रेकच वाटतो.
पेट्रोल इंजिनात पाय उचलला की थ्रॉटल मिटतो, पिस्टनला पोकळीविरुद्ध हवा ओढावी लागते आणि गाडी आवरते. डिझेलला तशी अडवणूक नसते. हवा दाबायला जेवढं बळ लागतं, त्यातलं बरंचसं ती फुगताना परत देते, त्यामुळे डिझेल गाडी उतारावर मोकाट सुटते. जेक ब्रेक ही दाबलेली हवा पिस्टन वर पोचता पोचता बाहेर सोडून देतो, म्हणून तो फटफट आवाज. एक्झॉस्ट ब्रेक त्या भानगडीत पडत नाही, तो धुराची वाट आवळतो. जुन्या गाड्यांत टर्बोच्या (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) पुढच्या धुराच्या नळीत एक झडप असायची. 2007 मध्ये आलेल्या, कमिन्स कंपनीच्या 6.7 लिटर इंजिनच्या पिकअपमध्ये टर्बोचीच हलती यंत्रणा ते काम करते. पिस्टनला दाबाविरुद्ध धूर ढकलावा लागतो, तोच ब्रेक.
हा दाब कुठेतरी सोसला जातो ना? जुन्या 12 व्हॉल्व्हच्या 5.9 लिटर कमिन्स इंजिनवर बाहेरून ब्रेक बसवताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बदलून 60 पौंडी घालायचे, नाहीतर मागचा दाब व्हॉल्व्ह उचलायचा. कंपनीने बसवलेल्यात हे सगळं धरलेलं असतं, मान्य. तरी गरज नसताना भार का द्यायचा?

घाटवाट
कंपनीने धरलंय असं तुम्हीच म्हणताय. मग माझा गुन्हा काय?

अर्धवट मिस्त्री
गुन्हा नाही हो, हौस.

टर्बोबा
मिस्त्री, उलटं बघा. त्या हलत्या यंत्रणेचा शत्रू म्हणजे काजळी. शहरात हळूहळू फिरणाऱ्या गाडीत ती एकाच जागी बसून राहते आणि जाम होते. दर उतारावर, दर सिग्नलला तिची पुढेमागे हालचाल झाली तर मोकळी राहते. माझी गाडी बरीच जुनी झाली, बटण कायम चालू, टर्बोला हात लावावा लागलेला नाही. शिवाय थंडीत उभ्या गाडीचं इंजिन लवकर तापवायलाही हाच ब्रेक वापरता येतो, काही मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय.

अर्धवट मिस्त्री
एका गाडीवरून नियम होत नाही. काजळीचं बरंचसं दुखणं लहान फेऱ्या आणि इंजिन पुरतं न तापणं यातून येतं. गाडी अधूनमधून हायवेवर पिदडा, तेही चालतं.

आकडेमोड
एक गणित मांडतो. ट्रेलरसकट 6 टन, 6 टक्के उतार, 5 किलोमीटर. म्हणजे 300 मीटर खाली. 6000 × 9.8 × 300, सुमारे 1 कोटी 76 लाख ज्यूल. ही सगळी उष्णता चार डिस्कच्या 60 किलो लोखंडात गेली असं धरलं तर ते 600 अंशांहून अधिक तापेल. प्रत्यक्षात वारा आणि टायर काही खातात, डिस्क निवतही असतात, ट्रेलरचे ब्रेक वाटा उचलतात. पण निम्मं धरलं तरी 300 अंश. डॉट 3 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 205 अंश, पाणी शोषल्यावर किमान 140. डिस्कइतकं ऑइल तापत नाही हे खरं, पण पेडल मऊ पडायला तेवढीही गरज नसते.
हीच उतरण 60 च्या वेगाने केली तर पाच मिनिटं लागतात, म्हणजे साधारण 59 किलोवॅट सतत कुणीतरी खायला हवेत. ते इंजिनाने खाल्लेले बरे.

उंबरठा
आकडेमोड, गणित झकास, पण ते ओझ्याच्या गाडीचं. धागाकर्ते रिकाम्या गाडीचंही विचारतायत. इथे मी ठाम विरोधात.
मागच्या पावसाळ्यात हौदा रिकामा, रस्ता ओला, वळणाचा उतार. मी पाय उचलला. ब्रेकला हातपाय काही लावला नव्हता. ऑटोमॅटिकने आपणहून खालचा गिअर घेतला, एक्झॉस्ट ब्रेक कडक लागला आणि मागची बाजू बाहेर जायला निघाली. फोर व्हील नसेल तर हा ब्रेक फक्त मागच्या चाकांना आवळतो, आणि रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन असतं किती? मॅन्युअलमध्ये निसरड्या रस्त्यावर बंद ठेवा असं लिहिलेलं होतं. मी ते नंतर वाचलं, हेही प्रामाणिकपणे सांगते.

माजी क्लीनर
ताई, पावसाचं मान्य. ओल्यात बंदच. पण कोरड्यात?

उंबरठा
कोरड्यात मागच्याचा विचार करा, काका. माझ्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक लागला की मागचे लाल दिवे लागत नाहीत. रहदारीत तुम्ही नुसता पाय उचलता, गाडी ब्रेक मारल्यासारखी मंदावते आणि मागच्याला काही कळत नाही. उतारावर मागचा माणूस सावध असतो, सिग्नलजवळ तो फोन बघत असतो.

घाटवाट
दिव्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आता मित्राला मागे दुसऱ्या गाडीत बसवून तपासतो.

टर्बोबा
काही गाड्यांत ऑटो मोडही असतो. तुम्ही पेडलला हलका स्पर्श केलात की तो वेग धरून ठेवतो, त्यामुळे दिवाही लागून जातो. रहदारीत तोच बरा. पूर्ण मोड ट्रेलर आणि घाट यासाठी.

अर्धवट मिस्त्री
चला, म्हणजे टर्बोबा अर्धा माझ्या बाजूला आले.

टर्बोबा
अर्धा नाही, एक चतुर्थांश.

आकडेमोड
ट्रेलरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. ट्रेलरचे विजेचे ब्रेक सहसा पेडलच्या इशाऱ्यावर चालतात, एक्झॉस्ट ब्रेकने लागत नाहीत. पिकअप आवरते आणि ट्रेलर मागून ढकलत राहतो. सरळ कोरड्या रस्त्यावर हे फायद्याचं, कारण ट्रेलरचे ब्रेक थंड राहतात. तीव्र वळणावर मात्र आधी पेडल, किंवा ट्रेलरचा ब्रेक हाताने थोडा लावून दोघांना ताणात ठेवणं. आणि वरच्या गिअरमध्ये बटण दाबून "काम करत नाही" म्हणू नका. इंजिनाचे फेरे कमी असतील तर धूरही कमी, दाबही कमी. गिअर खाली आणा, मग बघा.

माजी क्लीनर
आता जरा अवांतर. जेकचा विषय निघाला म्हणून. 1931 मध्ये कमिन्स इंजिन कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स डिझेल ट्रक घेऊन अमेरिका ओलांडत होते. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक निकामी झाले आणि रुळ ओलांडताना समोरून मालगाडी. थोडक्यात वाचले. पुढे त्यातूनच जेकची कल्पना आली आणि 1961 मध्ये तो बाजारात आला. उतरताना भीती वाटली नाही तर कोणी काही शोधत नाही.

घाटवाट
तपासलं. कोरडा रस्ता, हौदा रिकामा, साठच्या वेगाने जाताना पाय उचलला. दिवे नाही लागले. मित्र म्हणाला, दुसऱ्या वेळी ब्रेक मारायला त्याला उशीर झाला, आणि मी पाय उचलणार हे त्याला आधीच सांगितलेलं होतं.
आजपासून शहरात ऑटोवर. पट्टा आधी लावतो.

उंबरठा
आणि पावसात?

घाटवाट
बंद. मॅन्युअल काढून ठेवलंय, आज रात्री वाचतो.