सीपीके नॉर्मल, तरी मांड्यांत ताकद नाही: एमआरआय पुन्हा करावा का?

संधिवात_फेलो
डर्मॅटोमायोसायटिसची (स्नायू आणि त्वचेला सूज आणणारा आजार) रुग्ण, वय ४२. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) रोज किलोमागे १ मिग्रॅ आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करून १२ आठवडे झाले. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २,८०० वरून १४० वर आला. पहिल्या महिन्यात ताकद वाढली, आता पुन्हा खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो. आजार उसळलाय की स्टिरॉइडने स्नायू गळालेत? एमआरआय सांगायचा तर फॉर्मवर नेमकं काय लिहू?

क्ष_किरण_कक्ष
नुसतं 'मांडीचा एमआरआय' लिहू नका. 'दोन्ही मांड्या एकत्र, कमरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत, अ‍ॅक्सियल टी१ आणि स्टिर' असं लिहा. अ‍ॅक्सियल म्हणजे आडवे काप; टी१ आणि स्टिर या एमआरआय काढायच्या दोन पद्धती. टी१ वर स्नायूत शिरलेली चरबी दिसते, स्टिरवर सूज. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लावता येत नाही.

गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) सहसा लागत नाही. दुसऱ्या कारणासाठी द्यायचंच असेल तर स्टिर आधी उरका. औषध शिरलेल्या भागाचा टी१ (इथे अर्थ: चुंबकीय संकेत सावरायला लागणारा वेळ) चरबीच्या जवळ येतो, आणि स्टिर चरबीसोबत तोही भाग दाबून टाकतं. सूज असूनही काळं दिसतं.

तुलना करायची आहे, म्हणून शक्यतो पहिल्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर करा. १.५ टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) मशीनवर स्टिरचा इन्व्हर्जन टाइम (चरबी दाबण्यासाठी ठेवलेला वेळ) साधारण १५०–१७० मिलिसेकंद असतो, ३ टेस्लावर २०० च्या पुढे जातो. एक स्कॅन इथला, दुसरा तिथला, तर चकाकीतला फरक आजाराचा की मशीनचा, हे कळणार नाही.

आणि खोटी सूज टाळा. ईएमजीची (स्नायूंची विद्युत तपासणी) सुई, मांडीतलं इंजेक्शन, नव्याने सुरू केलेले ताकदीचे व्यायाम, सगळंच स्टिरवर पांढरं उमटतं. यातलं काही झालं असेल तर तारीख आणि बाजू फॉर्मवर लिहा.

मायोसायटिस_ओपीडी
त्याआधी मान तपासा. उताणं झोपवून डोकं उचलायला सांगा. स्टिरॉइडच्या दुबळेपणात मानेचे पुढचे स्नायू बहुधा शाबूत राहतात; ते ढासळले असतील तर आजाराकडे बोट जातं. पुरळही बघा. या आजारात सीपीके नॉर्मल असूनही स्नायू सुजलेले असू शकतात, तेव्हा १४० वर विसंबू नका.

स्टिरवर ठळक सूज आणि ताकदही घटलेली, तर उपचार वाढवा. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी) दर ४ आठवड्यांनी किलोमागे २ ग्रॅम, याला याच आजारावरच्या २०२२ च्या प्रोडर्म चाचणीचा आधार आहे. सूज नाही, चरबी नाही, स्नायू फक्त बारीक झालेत, तर स्टिरॉइड उतरवायला घ्या आणि व्यायाम चालू ठेवा. टी१ वर चरबी भरली असेल तर तो स्नायू गेला; प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध तो परत आणत नाही. त्यासाठी डोस वाढवणं म्हणजे रुग्णाला फक्त जंतुसंसर्गाचा धोका देणं.

ताकद वाढत असताना स्टिरवर फिकट चकाकी उरली, तर तेवढ्यावरून डोस वाढवू नका. प्रतिमा ताकदीच्या मागून सुधारते. एसीआर-युलार (अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटना) यांच्या सुधारणा मोजायच्या २०१६ च्या निकषांत सहा मोजमापं आहेत, २०, ४०, ६० गुणांवर किरकोळ, मध्यम, मोठी सुधारणा ठरते. एमआरआय त्यात नाही.

संधिवात_फेलो
मान आज तपासली, डोकं दोन सेकंदही टिकत नाही. एमआरआय सांगतेय. सूज निघाली तर बायोप्सी (तपासणीसाठी स्नायूचा तुकडा) कुठून घेऊ?

क्ष_किरण_कक्ष
स्टिरवर पांढरा पण टी१ वर चरबी नसलेला स्नायू निवडा, बहुधा व्हॅस्टस लॅटरॅलिस (मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू) सापडतो. ईएमजी उजवीकडे झाला असेल तर तुकडा डावीकडून घ्या. सर्जनला आडव्या कापाची प्रतिमा द्या आणि गुडघ्याच्या वाटीपासून किती सेंटिमीटर वर, ते त्वचेवर पेनाने खुणावून पाठवा.