आईचा अमेरिकेतला सोरोरिटीचा बॅज विकता येतो का?

परभणीकर_72: आई 1970 च्या दशकात शिकायला इलिनॉयला होती, तिथं ती कप्पा कप्पा गॅमा या सोरोरिटीची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेची मेंबर झाली. आई गेल्यावर कपाट आवरताना तिचा बॅज सापडला, बारकी सोन्याची किल्ली, कडेनं मोती, मागं काहीतरी कोरलेलं. सराफ म्हणायलाय 10 कॅरेट आहे, म्हणजे जेमतेम 42 टक्के सोनं. भावजी म्हणायलेत ईबेवर टाक. पण वाचलं की बॅज मेंबरचा नसतोच, संघटनेचा असतोय. आईनं तर स्टायपेंडमधून पैसे भरून घेतला होता, मग आमचा कसा काय नाही? विकला तर चोरी होईल का?

औंढा_एक्सप्रेस: पैसे भरले, वारसानं आला, तुमचाच की. ईबेवर लोक उघड विकायलेत.

वकील_लातूर: उघड विकायलेत म्हणून मालकी होत नसते. अशा बऱ्याच संघटनांच्या नियमात लिहिलेलं असतं की बॅज मेंबरला हयातभर वापरायला, मालकी संघटनेचीच, भरलेले पैसे फक्त बॅज बनवून घ्यायचे. तसं असंल तर आईकडं जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडं येतो, आणि आपल्याकडं 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 27 पण तेच सांगतं, विकणाऱ्याकडं मालकी नसली तर घेणाऱ्यालाही साधारणपणे मिळत नाही. पण दावा करणाऱ्यानं तो सिद्ध करावा लागतो, आईनं सही केलेला कागद, तेव्हाचा नियम, हे त्यांनी दाखवायचं. चोरीचं मनातून काढा, त्याला बदनीयत लागते. ट्रेडमार्कचीही भीती नको, तो नवे नकली बनवणाऱ्याला आडवा येतो, जुना खरा विकणाऱ्याला नाही. बहिणी, वडील असतील तर त्यांचाही हिस्सा आहे, एकट्यानं ठरवू नका.

संभाजीनगर_टू_ओहायो: मी इथं दुसऱ्या एका सोरोरिटीत होते. कृपा करून वितळवू नका हो! आमच्यातल्या जुन्या बाया ईबेवर बॅज दिसला की स्वतःचे पैसे घालून सोडवून आणतात, इतका जीव असतो त्यात. मागं काय कोरलंय ते भिंगानं बघा, बऱ्याचदा नाव नाहीतर चॅप्टरची, म्हणजे त्या कॉलेजातल्या शाखेची अक्षरं असतात. फोटो काढून त्यांच्या मुख्यालयाला ईमेल करा, काही संघटना घरच्यांनी आठवण म्हणून ठेवायला हरकत घेत नाहीत, फक्त विकू नका म्हणतात.

परभणीकर_72: भिंगानं बघितलं ताई, आईचं माहेरचं नाव आहे. विकायचं रद्द, धाकटी सकाळपासून तो हातातून सोडंना. ईमेल आज रात्रीच टाकतो, परत मागितला तर तिला काय सांगायचं ते तेवढं बघावं लागंल.