हिवराखाली साठलेलं नत्र उडून जातं का? मदत हवी आहे (सांगोला, जि. सोलापूर)

नमस्कार मंडळी. सांगोल्याच्या माळावर आमची साडेतीन एकर मुरमाड, चुनखडीची जमीन आहे. मधोमध हिवर-बाभळीची सात-आठ जुनी झाडं. उन्हाळ्यात वस्तीवरची मेंढरं दुपारभर तिथेच सावलीला बसतात. लेंड्या, मूत, पाला सगळं तिथेच, त्यामुळे सगळ्यात कसदार रान तेच असं मी धरून चाललो होतो.

फेब्रुवारीत माती तपासली. सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, pH) ८.४, आणि झाडाखाली उपलब्ध नत्र उघड्या माळाच्या जवळपास दुप्पट. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर पुन्हा नमुना दिला, तर हा फरक निम्म्यावर आलेला. पहिल्या सरीनंतर तिथे डोळे चुरचुरतील असा वास सुटतो. हे माझं नत्रच जातंय का?

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटाबद्दल वाचलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की माती ५० अंशांच्या वर तापली की जिवाणूंशिवायही नत्र वायू होऊन जातं. मे महिन्यात आमच्या माळावर अनवाणी पाऊल टेकत नाही. पण सावलीतही असं होतं का? जिप्समने सामू उतरेल का?

धाकटा भाऊ म्हणतो, झाडं काढून डाळिंब लावू. आजोबांनी राखलेली झाडं आहेत, माझा हात धजत नाही.

उत्तर: दादा, वास अमोनियाचाच. मुतातल्या युरियाचं मातीत अमोनियम होतं, आणि सामू आठाच्या वर असला की त्याचा वायू होऊन उडतो. ऊन वाढेल तसं आणखी. झाडाखाली साठा जास्त, म्हणून तिथून जातंही जास्त. शिवाय सुकलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की जिवाणू एकदम जागे होतात आणि नायट्रिक ऑक्साइड निघतं, ते नाकाला कळतही नाही. काही नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं.

झाडं मात्र तोडू नका. सावली गेली की तीच माती आणखी तापेल. जिप्सम चोपण (सोडियम वाढून बिघडलेल्या) जमिनीसाठी असतं, चुनखडीवर पैसे घालू नका. मेंढरं उठली की लेंड्या त्याच दिवशी चार बोटं मातीआड करा, वर पाला पसरा. बसायची जागाही दोन-तीन दिवसांनी बदला.

मूळ प्रश्नकर्ता: ताई, आभार. भावाला हे वाचून दाखवलं, यंदा तरी झाडं राहतील. पण हिवराची मुळं वरच दिसतात. चार बोटं उकरलं तर दुखावणार नाहीत ना? की खोडापासून काही अंतर सोडू?